शेवट ठाऊक असलेल्या गोष्टी

खुनी डॉक्टरची 'देवमाणूस' ही मालिका 2021 मध्ये संपली. त्याच वर्षी डिसेंबरात दुसरा भाग आला, यथावकाश तोही संपला. 2025 मध्ये 'मधला अध्याय' सुरू झाला, आणि माझा संयम सुटला. त्या डॉक्टरचं शेवटी काय होतं, हे सांगायची जबाबदारी कुणाचीच उरलेली नाही.

मालिका का लांबतात, असं विचारलं की ठरलेलं उत्तर ऐकू येतं: प्रेक्षकालाच निरोप नको असतो. हे मला साफ अमान्य आहे. आमच्या नृसिंहवाडीत गुरुचरित्राच्या सप्ताहाला बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं की श्रीगुरू बारा वर्षांनी वाडी सोडून गाणगापूरला जाणार, योगिनी आकांत करणार, आणि पुढे गाणगापूरचाही निरोप होणार. माहीत असूनच माणसं पोथी उघडतात आणि सांगतेपर्यंत जागची हलत नाहीत. संध्याकाळी मालिका बघतात तीही याच घरांतली माणसं.

टीव्हीवर याचा भक्कम पुरावा 'रात्रीस खेळ चाले'ने दिला. 2016 च्या पहिल्या पर्वात सगळी भिस्त रहस्यावर होती आणि शेवटच्या उलगड्याने अनेकांची निराशा केली. 2019 चं दुसरं पर्व काळाने मागे गेलं. पहिलं पर्व अण्णा नाईकांच्या मृत्यूपासूनच सुरू झालेलं, त्यामुळे हा माणूस मरणार हे सगळ्यांना ठाऊक. तरीही माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरची शेवंता घराघरांत पोचली. कारण प्रश्न बदलला होता. काय होणार, हे विचारायची गरजच नव्हती. हा माणूस स्वतःचा आणि घराचा नाश कसा ओढवून घेतो, ते बघायचं होतं. प्रत्येक प्रसंगाला त्या मरणाचं वजन होतं. तिसऱ्या पर्वात नुसती भुतं उरली. 'स्वराज्यरक्षक संभाजी'चा शेवट तर 1689 मध्येच लिहिला गेला होता; लोकांनी 2020 पर्यंत ती मालिका सोडली नाही.

पुनर्जन्माचं बघा. सतीश राजवाडेंच्या 'असंभव'मध्ये तो कथेचा पाया होता. काढून घेतला तर मालिकाच उरत नाही. आमच्या कोल्हापुरात घडणाऱ्या 'सुख म्हणजे नक्की काय असतं'मध्ये जयदीप आणि गौरी मेले, पंचवीस वर्षांची उडी घेऊन अधिराज आणि नित्या म्हणून परत आले. इथे पुनर्जन्म केवळ मुदतवाढ आहे. मरणालाही किंमत नसेल, तर पुढच्या कुठल्या अश्रूवर विश्वास ठेवायचा?

'तुझ्यात जीव रंगला'चं दुःख मला जास्त आहे. वसगड्याचा वाडा, तालीम, 'चालतंय की' म्हणणारा राणा: आमच्या बोलीला इतका मान क्वचित मिळाला होता. राणा आणि पाठकबाईंचं लग्न टिकतं का, एवढीच ती गोष्ट होती आणि ती पुरेशी होती. पुढे राणाचा राजा राजगोंडा झाला आणि ज्या माणसावर जिल्ह्याने जीव लावला तो माणूसच हरवला. 'चार दिवस सासूचे'सारख्या अकरा वर्षांच्या संसाराबद्दल मी बोलतच नाही; तिथे गोष्ट सांगायचा दावा कधी नव्हता.

लेखकाला उद्याचा भाग आज द्यावा लागतो, टीआरपीचा आकडा दर आठवड्याला येतो, हे मान्य. पण 2012 ची 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' याच व्यवस्थेत वर्षभरात आटोपली. लोकप्रिय असताना आटोपली. म्हणजे ते जमतं. शेवट आधी लिहा, भागांची संख्या पहिल्याच प्रोमोत जाहीर करा, आणि टीआरपी वाढला तरी ती संख्या मोडू नका.

आणि वृत्तपत्रांनी आपलं काम करावं. तिसरा अंक पाहिल्याशिवाय नाटकाचं परीक्षण कुणी छापत नाही. मालिकेवर मात्र पहिल्या आठवड्यात लिहितात आणि शेवटच्या दिवशी कलाकारांच्या निरोपाच्या पोस्ट छापतात. चार वर्षं रोज अर्धा तास दिलेल्या बाईला तिची गोष्ट नीट संपली का, हे विचारणारं एकही परीक्षण मिळू नये?