पाच मैलांची फूटपट्टी

2011 च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय जनगणनेत घर कच्चे की पक्के, हे भिंत आणि छप्पर पाहून ठरवले गेले. मातीची भिंत कच्ची, हाताने घडवलेल्या कवेलूंचे छप्परही कच्चे. यंत्रावर निघालेली कौले मात्र पक्की. हे निकष सेवाग्रामच्या बापू कुटीला लावले, तर ती दोन्हींत नापास होते. देश जिला ठेवा मानतो ती कुटी आणि देशाच्या दप्तरात दारिद्र्याची खूण म्हणून नोंदली जाणारी घरे, बांधणीच्या दृष्टीने एकाच कुळातली आहेत. वर्ध्याच्या पूर्वेकडील बदलत्या वस्तीचा विचार करताना मला ही विसंगती बाजूला ठेवता येत नाही.

सेवाग्राम वर्ध्यापासून सुमारे आठ किलोमीटरवर, पूर्वेला. आज ‘सेवाग्राम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रेल्वे स्थानकाचे जुने नावही ‘वर्धा पूर्व’ असेच होते. 1936 च्या उन्हाळ्यात गांधीजी इथे आले तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. 1940 मध्ये ते सेवाग्राम झाले. आधी आदी निवास उभा राहिला. बापू कुटी मुळात मीराबेनसाठी बांधलेली. गांधीजी तिथे नंतर राहायला आले. माती, बांबू, लाकूड, कवेलू, शेणाने सारवलेली जमीन आणि भिंतीवर मीराबेनने मातीतच उठवलेली ताडाची झाडे, एवढाच तिचा ऐवज.

जानेवारी 1937 च्या ‘हरिजन’मध्ये आदर्श खेड्याचे वर्णन करताना गांधीजींनी घराला एक अट घातली: साहित्य पाच मैलांच्या परिघात मिळणारे हवे. या अटीकडे आपण साधेपणाचा उपदेश म्हणून पाहतो. माझ्या मते ती अर्थशास्त्राची अट आहे. साहित्य पाच मैलांतले असेल तर ते घडवणारा कुंभार, सुतार, भिंत रचणारा गवंडीही पाच मैलांतला असतो, आणि घराचा पैसा गावातच फिरतो. जानेवारी 1978 मध्ये सेवाग्रामला आलेल्या इव्हान इलिच यांनी याच कुटीवर भाषण केले. घर म्हणजे सामान साठवण्याची जागा नव्हे, हा त्यांचा मुद्दा होता. मला त्यात एकच जोड द्यावीशी वाटते: घर ही ज्ञान साठवण्याचीही जागा असते.

या फूटपट्टीने सेवाग्राम विकास आराखड्यातली कामे मोजली, तर काय दिसते? भंगारातून उभे केलेले गांधी-विनोबांचे भव्य पुतळे कल्पक आहेत. टाकाऊचा वापर गांधीविचाराशी सुसंगतही आहे. पण पुतळा पाहायचा असतो, आणि कुटी राहायची होती. रस्ता रुंद करण्यासाठी 2020 मध्ये वर्धा-सेवाग्राम मार्गावरची मोठी झाडे तोडली गेली, तेव्हा नागरिकांनी विरोध केला. त्या विरोधाला मी निव्वळ हळवेपणा म्हणणार नाही. पारा 45 अंशांच्या पुढे जातो त्या मुलखात रस्त्याकडेची सावली ही वास्तूच असते. पायी आणि सायकलने जाणाऱ्यांचे ते छप्पर. आश्रमाकडे जाणारा रस्ता वाहनांच्या मापाने आखायचा आणि आश्रमात पोचल्यावर साधेपणाचे दर्शन घ्यायचे, यात काहीतरी उलटे झाले आहे.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे: मातीच्या घरात राहून पाहा! वाळवी लागते, माकडे कवेलू फोडतात, पावसाळ्यापूर्वी छप्पर उतरवून पुन्हा रचावे लागते आणि सारवणाचे काम बाईच्याच वाट्याला येते. सिमेंटचा स्लॅब मागणाऱ्या माणसाला गांधीजींचे नाव घेऊन मातीत ठेवण्याचा अधिकार कुणालाही नाही. खुद्द आश्रमातही साप पकडण्याचा चिमटा आणि पिंजरा जपून ठेवलेला आहे; तिथल्या जगण्यातली अडचण कुणी लपवलेली नाही.

परंतु कच्ची माती आणि स्लॅब या दोनच वाटा आहेत, हे मला मान्य नाही. देवेंद्रकुमारांनी 1976 मध्ये वर्ध्यात स्थापन केलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने तिसरी वाट दाखवली. कुंभाराच्या चाकावर घडवलेली शंकूच्या आकाराची मातीची नळकांडी भाजून, एकात एक बसवून त्यांच्या कमानी रचायच्या. त्यातून पक्के, तुलनेने थंड छप्पर तयार होते आणि कुंभाराला कामही मिळते. साबरमतीला चार्ल्स कोरिया यांनी 1963 मध्ये पूर्ण केलेले गांधी स्मारक संग्रहालयही आठवावे. विटांचे खांब, कौलारू छपरे, मधले मोकळे चौक: कुटीची नक्कल न करता तिचे माप त्यांनी नव्या इमारतीत आणले.

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण 2016 पासून सपाट प्रदेशातल्या घरासाठी 1 लाख 20 हजार रुपये देत आली. स्थानिक साहित्याला तिच्यात मनाई नाही. पण तालुक्याच्या बाजारात सिमेंट आणि लोखंड सहज मिळते, तर नळकांडी घडवणारा कुंभार शोधावा लागतो. निवड कागदावर मोकळी असते; ती प्रत्यक्षात मोकळी राहण्यासाठी कारागीर टिकावा लागतो. आराखड्यातला थोडा निधी जरी अशा कारागिरांच्या प्रशिक्षणाला आणि त्यांच्या हातच्या पक्क्या घरांना मिळाला असता, तर ते सेवाग्रामचे खरे स्मारक ठरले असते.

शेवटी प्रश्न कुटीचाही आहे. मातीची वास्तू एकदा बांधून संपत नाही. ती सतत लिंपावी, शाकारावी लागते. आजूबाजूच्या गावांत हे काम जगण्याचा भाग होते, तोवर कुटीला हातांची वाण नव्हती. ती घरे संपली की कुटीची डागडुजी हे बाहेरून आणलेल्या तज्ज्ञांचे काम होईल. पाच मैलांत तिला ओळखणारे हात उरणार नाहीत. तेव्हा कुटी उभी असेल, पण ती सेवाग्रामची राहिली आहे असे म्हणणे कठीण होईल.