श्रमाचा शीण आणि लेखणीचा शीण : 'जेव्हा माणूस जागा होतो'च्या निमित्ताने

प्रास्ताविक

बैठे काम आणि अंगमेहनत यांच्या तुलनेत दोन विधाने वारंवार केली जातात. 'बसून काम करणाऱ्याला कसला थकवा?' हे पहिले, आणि 'अंगमेहनत करणाऱ्याला निदान झोप तरी शांत लागते' हे दुसरे. पहिले विधान शेतात व बंदरावर ऐकू येते, तर दुसरे कार्यालयात आणि शिक्षकांच्या खोलीत. वरकरणी दोन्ही शरीराविषयी असली, तरी प्रत्यक्षात ती मोबदला, प्रतिष्ठा आणि विश्रांती यांच्या वाटपाविषयी असतात. डहाणू-तलासरीच्या परिसराशी निगडित साहित्य व कला यांच्या आधारे या तुलनेची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

थकव्याचे शास्त्र

शरीरशास्त्राने या प्रश्नाकडे फार पूर्वीच लक्ष दिले. इटालियन शास्त्रज्ञ अँजेलो मोस्सो यांचा थकव्यावरील ग्रंथ १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. बोटाच्या स्नायूंची शक्ती मोजणारे उपकरण त्यांनी तयार केले होते. प्राध्यापकांनी दीर्घकाळ परीक्षा घेतल्यानंतर त्यांच्या स्नायूंचे बळही घटते, असे त्यांना आढळले. २००९ मध्ये सॅम्युएल मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात नव्वद मिनिटांच्या एकाग्र बौद्धिक कामानंतर सायकल चालवणारे नेहमीपेक्षा लवकर थांबले. त्यांचे हृदय व स्नायू मात्र थकलेले नव्हते. २०२२ मध्ये पॅरिस येथील संशोधकांनी दिवसभराच्या कठीण बौद्धिक कामानंतर मेंदूच्या पुढील भागात ग्लुटामेट साचत असल्याचे दाखवले. सारांश, बैठ्या कामाचा थकवा हा कल्पनेचा खेळ नव्हे.

तथापि दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या पुरुषाला रोज २११० किलोकॅलरी, तर जड काम करणाऱ्याला ३४७० किलोकॅलरी ऊर्जा लागते. हा फरक १३६० किलोकॅलरींचा आहे. तो अन्नातून भरून निघाला नाही, तर शरीर स्वतःलाच झिजवू लागते. बैठ्या कामाच्या थकव्याला अशी उपासमारीची किनार सहसा नसते. दोन्ही थकवे खरे असले, तरी ते एकाच तराजूत तोलता येत नाहीत. विज्ञानाची साथ येथवरच मिळते; पुढील प्रश्न समाजाचा आणि साहित्याचा आहे.

वेठ आणि मोजमाप

गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९७२ मध्ये त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू व उंबरगाव तालुक्यांमधील वारल्यांचा लढा हा त्याचा विषय. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे किसान सभेचे अधिवेशन भरले आणि २३ मे १९४५ रोजी झरी येथील सभेत वेठबिगार न करण्याचा निर्धार झाला. वेठीवर बोलावलेल्या कुळाला जमीनदाराचे काम आधी करावे लागे. स्वतःचे शेत मागे राही. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जोडपी 'लग्नगडी' म्हणून राबत. ब्रिटिश अधिकारी सिमिंग्टन यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस दिलेल्या अहवालात या वेठीचा कमाल मोबदला दिवसाला एक आणा असल्याचे नमूद केले आहे.

थकव्याच्या दृष्टीने या पुस्तकाचे महत्त्व असे, की त्यात थकवा ही दयेची बाब राहत नाही, ती मागणीची बाब होते. पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये, ही त्या लढ्यातील प्रमुख मागणी होती. वेठीच्या श्रमाला माप नव्हते, म्हणून त्याला शेवटही नव्हता. माप ठरताच काम कोठे संपते हे ठरले आणि थांबण्याचा हक्क निर्माण झाला. ऑक्टोबर १९४५ मध्ये या आंदोलनावर गोळीबार होऊन वारली मारले गेले. थकव्याला आकडा देणे त्या व्यवस्थेला किती असह्य होते, याची यावरून कल्पना येते.

पुस्तकाची मर्यादाही नोंदवणे आवश्यक आहे. लेखिका कायद्याच्या पदवीधर, शहरी, सुशिक्षित. वारल्याचा शीण वाचकापर्यंत पोहोचतो तो त्यांच्या लेखणीतून. पाड्यापाड्यांवर पायी हिंडून आलेला लेखिकेचा थकवा आणि वारली स्त्रीचा थकवा यांत एक मूलभूत भेद आहे. पहिला स्वेच्छेने पत्करलेला होता, दुसऱ्याला पर्यायच नव्हता. शिवाय चळवळीची कथा असल्याने जुलमाच्या आणि जागृतीच्या प्रसंगांना अधिक जागा मिळते. पाणी, सरपण, कांडण यांतला कोणताही प्रसंग न घडणारा रोजचा शीण तुलनेने मागे राहतो. अर्थात हा दोष केवळ या पुस्तकाचा नाही. श्रमिकाने लिहायचे तर त्याला लिहिण्याइतकी उसंत हवी, आणि श्रमाने पहिल्यांदा हिरावली जाते ती उसंतच.

लेखणीचा शीण

याउलट, बैठ्या कामाच्या थकव्याला मराठीत लेखकांची वाण पडली नाही, कारण तो थकवा आणि लेखन एकाच टेबलावर घडतात. पु. ल. देशपांडे यांच्या 'असा मी असामी' (१९६४) मधील कारकून हे त्याचे लोकप्रिय उदाहरण. त्याच्या कामाच्या तपशिलापेक्षा त्याच्या अवघडलेपणाला तेथे अधिक महत्त्व आहे. साहेब, संसार आणि बदलते शहर यांच्याशी जुळवून घेताना तो थकतो. हा थकवा विनोदात रूपांतरित होऊ शकतो, कारण महिनाअखेरचा पगार त्याच्या पाठीशी आहे. लग्नगड्याच्या थकव्यावर असा विनोद रचता येत नाही. विनोदाची शक्यता हीच येथे दोन थकव्यांमधील सीमारेषा ठरते.

नारायण सुर्वे यांनी ही सीमा स्वतः ओलांडली. गिरणी कामगार, शाळेतील शिपाई आणि पुढे शिक्षक असा त्यांचा प्रवास झाला. त्यांच्या कवितेत कामगार हा करुणेचा विषय न राहता बोलणारा कर्ता होतो, यामागे दोन्ही प्रकारच्या शिणाचा अनुभव आहे.

वारली चित्र आणि वाढवण

डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी हा प्रश्न शब्दांशिवाय हाताळला. वारली चित्रातील माणूस दोन त्रिकोणांच्या टोकांवर उभा असतो. त्याला चेहऱ्याचे भाव नसतात. त्यामुळे थकवा मुद्रेवर दाखवता येत नाही, तो कमरेच्या वाकण्यातून दाखवावा लागतो. लावणीसाठी वाकलेली आकृती आणि तारप्याभोवती नाचणारी आकृती एकाच रेषेने घडते. श्रम आणि विसावा एकाच शरीराचे आहेत, हे या चित्राइतके स्पष्टपणे क्वचितच कोठे सांगितले गेले असेल.

याच तालुक्यातील वाढवणच्या किनाऱ्यावर आज हा प्रश्न नव्या रूपात उभा आहे. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ७६,२२० कोटी रुपयांच्या बंदराला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. सुमारे दहा लाख प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष रोजगारांचे आश्वासन देण्यात आले. बंदराला विरोध करणाऱ्यांत मच्छीमार, बागायतदार आणि दागिन्यांचे साचे घडवणारे डायमेकर आहेत. डायमेकरचे काम 'बैठे की अंगमेहनतीचे' या विभागणीत बसत नाही. तो बसून राबतो, आणि डोळे व बोटे एकाच वेळी थकवतो. मच्छीमाराचा दिवस घड्याळाने नव्हे, भरती-ओहोटीने ठरतो. त्याचे काम कष्टाचे खरे, परंतु केव्हा निघायचे आणि केव्हा परतायचे हे तो समुद्र पाहून स्वतः ठरवतो. नव्या रोजगारांत शारीरिक कष्ट कमी असतीलही. पण हा निर्णय त्याच्या हाती राहील काय, हे रोजगारांच्या संख्येवरून कळत नाही.

समारोप

कोणाचा थकवा अधिक, हा प्रश्न दोन श्रमिकांना परस्परांसमोर उभा करतो आणि श्रमाचे नियम ठरवणाऱ्याला नजरेआड करतो. 'कामाचे माप कोणी ठरवले आणि थांबण्याचा हक्क कोणाला आहे?' हा प्रश्न अधिक फलदायी आहे. झरी येथे १९४५ मध्ये तोच विचारला गेला. उत्तरपत्रिका, अहवाल आणि माहितीचे तक्ते भरताना शिणणाऱ्या प्राध्यापकालाही तो लागू पडतो. मात्र त्याला आपला थकवा लिहून ठेवता येतो, आणि ही सोय सर्वांना उपलब्ध नाही. ज्यांच्या थकव्याची नोंद होत नाही, त्यांचा थकवा कमी असतो असे मानण्याची चूक अभ्यासकाने तरी करू नये.