'हवाईजादा' : पोथीला फुटलेले पंख

विभू पुरी दिग्दर्शित 'हवाईजादा' हा हिंदी चित्रपट ३० जानेवारी २०१५ रोजी प्रदर्शित झाला. मुंबईचे संस्कृतज्ञ व लेखक शिवकर बापूजी तळपदे यांच्यावर तो सैलपणे बेतलेला आहे. राईट बंधूंच्या आठ वर्षे आधी, १८९५ मध्ये, तळपद्यांनी मुंबईत विमान उडविले अशी ही कथा. माझ्या एका विद्यार्थ्याने निबंधात ती इतिहास म्हणून लिहिली, तेव्हा या चित्रपटाकडे पुन्हा वळणे भाग पडले.

कलावंताने इतिहासाला कल्पनेची जोड द्यावी, त्यास आमची हरकत नाही. त्या कल्पनेचे माप कोणाच्या पदरात पडते, हा खरा प्रश्न आहे. येथे नायक उनाड, शाळेत न रमलेला तरुण आहे. हात त्याचे, ज्ञान मात्र शास्त्रीबुवांच्या वेदविद्येतून येते. प्रयोग, चूक आणि दुरुस्ती ही विज्ञानाची वाट. येथे पोथीलाच पंख फुटतात. शब्दप्रामाण्य विज्ञानाचा वेश घेऊन येते ते असे.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ मध्येच 'वैमानिकशास्त्र' तपासले. तो ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकातला आहे व त्यातील विमाने उडू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष. तळपद्यांच्या उड्डाणालाही विश्वसनीय समकालीन पुरावा नाही. तरीही जानेवारी २०१५ मध्येच, मुंबईच्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला. पडदा आणि व्यासपीठ एकाच सुरात बोलले. यात अन्याय तळपद्यांवरही झाला : एक धडपड्या माणूस चमत्काराखाली गाडला गेला.

आमच्या राहुरीच्या कृषी विद्यापीठाला महात्मा फुल्यांचे नाव आहे. त्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा. ताली-बंधारे घालून पाणी मुरवा, माती वाहून जाऊ देऊ नका, जनावरांची पैदास सुधारा, हे त्यांनी त्यात मांडले. माझे आजोबा १९७२ च्या दुष्काळात बांधावर माती वाहत होते. त्यांना अक्षर येत नव्हते. माती का अडवायची ते मात्र नेमके कळत होते. या ज्ञानाला विज्ञान म्हणावयास आपण का कचरतो?

फुलेही पडद्यावर आले : अत्र्यांचा 'महात्मा फुले' १९५४ मध्ये, 'सत्यशोधक' २०२४ मध्ये, हिंदी 'फुले' २०२५ मध्ये. या शेवटच्या चित्रपटाचे प्रदर्शन आक्षेपांमुळे ११ एप्रिलवरून २५ एप्रिलवर गेले आणि जातींची नावे, पेशवाईचा उल्लेख गाळण्यास सेन्सॉर मंडळाने सांगितले. न उडालेले विमान बिनबोभाट उडते. घडलेल्या इतिहासाला मात्र एकेक शब्द मोजून द्यावा लागतो.

त्या विद्यार्थ्याचा निबंध मी खोडला नाही. समासात एवढेच लिहिले : हे कोणी पाहिले? कोठे नोंदले? हे दोन प्रश्न आपल्या मुलांच्या तोंडी बसले, तर कोणत्याही पोथीला भिण्याचे कारण उरणार नाही.