सभेची हिंदुस्थानी आणि नाक्याची बोली

भाषेची भेसळ म्हटली की सुशिक्षित मंडळींच्या कपाळास आठी पडते. सेवाग्रामच्या परिसरात तरी या प्रश्नाची वासलात इतक्या सहज लावता येणार नाही. १९४२ साली शेजारीच वर्ध्यास गांधीजींनी हिंदुस्थानी प्रचार सभा स्थापिली. हिंदी व उर्दू यांचा मिलाफ व्हावा, दोन्ही लिप्या सर्वांनी शिकाव्यात, हा तिचा आग्रह होता. हेतू उदात्त खरा. परंतु १९४९ साली घटनासमितीने नागरी लिपीतील हिंदीच राजभाषा म्हणून स्वीकारली.

सभेस जे साधले नाही ते मुंबईच्या गोदीने व नाक्याने कोणताही ठराव न करता साधले. ‘वांदा’ हा मराठी-गुजरातीचा समाईक शब्द तेथे हिंदी वाक्यात सुखाने नांदतो. जोहान्सबर्गच्या सोफियाटाउन वस्तीतही आफ्रिकान्स, झुलू, सोथो व इंग्रजी यांच्या मिश्रणातून ‘त्सोत्सीताल’ अशीच वाढली. १९५५ पासून सरकारने ती वस्ती उठविली. बोली मात्र मेली नाही.

अशा बोलीस साहित्यात स्थान असावे काय? भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’ने १९६५ साली गहजब उडविला. पुढे १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. त्यातील कित्येक शब्द आमच्या कोशांत नव्हते. परंतु त्या शब्दांनी सांगितलेले जिणेही आमच्या वाङ्मयात नव्हते. ढसाळ नाक्यावरच्या शब्दाशेजारी संस्कृत वळणाचा शब्द बसवितात आणि त्या संघर्षातून वाचकास दोन्ही जगांतील अंतर जाणवते. तेथे शुद्ध प्रतिशब्द घातल्यास कविता उरणार नाही.

तथापि या बोलीच्या भाबड्या कैवाऱ्यांशीही आमचे जमत नाही. ‘त्सोत्सी’ म्हणजे वस्तीतला गुंड. अशी बोली आपल्यांस जवळ करते तशीच परक्यांस दूरही ठेवते. शिवी छापली म्हणजे अनुभव छापला असे नव्हे. जो शब्द काढून त्याजागी साधा शब्द घातला असता काहीच हरवत नाही, तो केवळ दागिना होय. मग तो नाक्यावरचा असो की अमरकोशातला.

शब्दाचे कुळ विचारण्यापूर्वी त्याचे काम विचारावे, एवढेच आमचे वाचकांस सांगणे आहे. ही कसोटी ‘गोलपिठा’स लावावी, आणि आपल्या आवडत्या शुद्ध लेखकांसही लावून पाहावी.