अठ्ठेचाळीस केबींतली कारागिरी

मराठवाड्यात नव्वदच्या दशकात वाढलेल्या कुणालाही जुन्या संगणकी खेळांबद्दल विचारा, तो टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम, कॅसेट आणि ‘काँट्रा’ सांगेल. त्या आठवणी मलाही प्रिय आहेत. पण या खेळांमागच्या कलेबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं ते बहुतेक आठवणींपाशीच थांबतं, आणि ती घडवली कशी हा प्रश्न तसाच राहतो.

ती ज्या घरगुती संगणकांवर घडली ती यंत्रं आपल्याला अगदीच परकी नव्हती. ब्रिटनमध्ये १९८२ साली आलेला सिंक्लेअरचा अठ्ठेचाळीस केबींचा झेडएक्स स्पेक्ट्रम १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन भारतात आणला. ‘क्लास’ या संगणक-साक्षरता योजनेतून १९८४ पासून बीबीसी मायक्रो संगणक शाळांत पोचू लागले. आज धारूरमध्ये बसून, जुन्या लॅपटॉपवर फ्यूजसारखा एम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम) टाकून, हौशी माणसाला ते सगळं पाहता येतं. नेट कितीही मंद असो, स्पेक्ट्रमचा अख्खा खेळ सकाळी येणाऱ्या सुप्रभातच्या एका फोटोपेक्षा लहान असतो.

स्पेक्ट्रमच्या पडद्यावर आठ बाय आठ टिंबांच्या एका चौकोनात दोनच रंग मावतात. हलणारं पात्र वेगळ्या रंगाच्या चौकोनात शिरलं की रंग एकमेकांवर सांडतात. ‘नाईट लोर’ या खेळाने (१९८४) प्रत्येक खोली एकाच रंगात रंगवून ही अडचण टाळली, आणि त्यातून त्या खेळाला जी गूढ खोली आली ती भरपूर रंगांनी आली नसती. मॅथ्यू स्मिथच्या ‘मॅनिक मायनर’मध्ये (१९८३) संगीतकार ग्रीगची धून सतत वाजते. स्वतंत्र ध्वनिचिप नाही, तेव्हा प्रोसेसरनेच पात्रं हलवता हलवता मधल्या फटीत स्पीकरला टिचक्या मारायच्या. ती धून कर्कश आहे, पण त्या कर्कशपणात केवढं नियोजन आहे!

डेमो हा याच्याही पुढचा प्रकार. तो खेळायचा नाही, नुसता पाहायचा. चित्र, संगीत, हालचाल सगळं यंत्र त्या क्षणी घडवतं. खेळांची कुलुपं तोडणारी पोरं खेळाच्या सुरुवातीला आपली नाममुद्रा मिरवायची, त्यातून ही कला उगवली. फिनलंडने २०२० मध्ये आणि जर्मनीने २०२१ मध्ये तिला आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

तिची आजची अवस्था समजून घ्यायला मी ‘८०८८ एमपीएच’ हा डेमो पाहायला सांगेन. जर्मनीतल्या ‘रिव्हिजन’ मेळ्यात जुन्या यंत्रांच्या स्पर्धेत २०१५ साली तो पहिला आला. आयबीएमच्या पहिल्या पीसीचं सीजीए कार्ड चित्रांत एरवी चार रंगांवर भागवतं. इथे टीव्हीच्या संकेतातल्या खोडी हेरून एक हजार चोवीस रंग काढले आहेत. यंत्राच्या घड्याळाशी इतका घट्ट बांधलेला प्रोग्राम तेव्हाच्या एम्युलेटरांना पेलला नाही. आपल्यासारख्यांच्या वाट्याला आलं ते त्याचं चित्रीकरण, आणि चित्रीकरणात नेमकं ते यंत्र नसतं. मार्टीपीसी या एम्युलेटरने बऱ्याच वर्षांनी तो चालवला, तेव्हा ही उणीव काहीशी भरून निघाली.

तरीही बरेच डेमो मला एकामागून एक करामती दाखवणारे वाटतात. एक खोडी संपली की पडदा काळा, मग दुसरी. मित्रांना रामराम करणाऱ्या सरकत्या ओळी तर कंटाळा आणतात. कमोडोर ६४ या संगणकावरचा ‘एज ऑफ डिसग्रेस’ (२००८) मला मोठा वाटतो, कारण त्यात चित्रं संगीताच्या चालीनं बदलतात आणि सगळं एकसंध रचना म्हणून पुढे जातं.

आपल्याकडे यंत्रं आली, खेळणारे झाले, डेमो करणाऱ्यांची परंपरा मात्र उभी राहिली नाही. मला सलतं ते हे. स्पेक्ट्रमवर देवनागरीची सरकती ओळ चालवण्यातली अडचण तर डेमोकारांनी हावरेपणानं उचलावी अशी आहे. आठ बाय आठच्या चौकोनात वेलांटी, रफार, उकार मावत नाहीत. ओळीला दोन चौकोनांची उंची द्यावी लागते. शिवाय स्पेक्ट्रमला अक्षरं सरकवणारी यंत्रणाच नाही, प्रत्येक बाइट प्रोसेसरने ढकलायचा. पण जुन्या पोथ्यांसारखे शब्द न तोडता सलग लिहिले तर शिरोरेषा पडद्यावर एकदाच ओढायची आणि तिला पुन्हा हात लावायचा नाही. अक्षरं तिच्याखालून सरकतील, मात्रा वरून. ‘थ’, ‘ध’, ‘भ’ यांसारख्यांची तुटकी डोकी तेवढी वेगळी सांभाळावी लागतील.