‘चालवणे’ आणि ‘चालवून घेणे’

संगणकशास्त्रीय लेखनाचे भाषिक परीक्षण आपल्याकडे क्वचितच होते. डेनिस रिची व केन टॉम्पसन यांचा ‘युनिक्स’विषयीचा १९७४ चा निबंध मात्र त्यास सर्वथा पात्र आहे. एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून काम कसे करवावे, हे त्यात विलक्षण मितभाषीपणे सांगितले आहे. मूळ प्रक्रिया आपल्यासारखीच एक अपत्य-प्रक्रिया निर्माण करते, ते अपत्य नवा प्रोग्राम अंगीकारते, आणि मूळ प्रक्रिया त्याच्या समाप्तीची वाट पाहते.

इंग्रजीतील ‘रन’ हे क्रियापद अकर्मक व सकर्मक असे दोन्ही असल्यामुळे या व्यवहारातील कर्ते झाकले जातात. मराठीत तसे होत नाही. स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची लिखित यादी, चालते. शेल ती चालवतो. प्रोग्राम ती शेलकडून चालवून घेतो. भाईंदरहून लोकलने कामावर जाणारा तरुण ‘स्क्रिप्ट रन झाली’ म्हणतो, तेव्हा ती सुरू झाली, संपली की सफल झाली, याचा बोध होत नाही. आज्ञेच्या शेवटी ‘अँड’चे चिन्ह लिहिल्यास शेल थांबत नाही, केवळ प्रक्रियेचा क्रमांक हाती देतो. ती पोच होय, निकाल नव्हे.

निबंधाची उणीव त्याच्या उदाहरणातच आहे. ‘ट्रायआउट’ नामक फाइलीत तीन आज्ञा आहेत : असेंब्लरने मूळ लेखनाचा प्रोग्राम बनवावा, त्यास ‘टेस्टप्रॉग’ हे नाव द्यावे, आणि तो चालवावा. आता ही यादी दुसऱ्यांदा चालवताना पहिली आज्ञा फसली व नवा प्रोग्राम निर्माणच झाला नाही, असे समजा. नामांतरही फसेल, परंतु मागल्या खेपेचा ‘टेस्टप्रॉग’ शिल्लक असल्याने तिसरी आज्ञा सुखाने पार पडेल. आजच्या शेलांत स्क्रिप्टचा निकाल म्हणजे सामान्यतः शेवटच्या आज्ञेचा निकाल. म्हणून बाहेरच्या प्रोग्रामला शून्य मिळेल, आणि येथे शून्य म्हणजे यश (आपल्या गुणपत्रिकेच्या नेमके उलट!). ‘चालवून घेणे’ याचा मराठीतील दुसरा अर्थ, उणे असूनही निभावून नेणे, येथे अक्षरशः लागू पडतो. लेखकद्वयाने निकालाच्या अंकाची तरतूद सांगितली, पण त्याच्या अर्थाची चर्चा केली नाही.

आजच्या शेलात पहिल्या अपयशाशीच थांबण्याची आज्ञा यादीच्या आरंभी देता येते. तथापि नळीने जोडलेल्या आज्ञांत सहसा अखेरच्या आज्ञेचाच निकाल धरला जात असल्याने, तेथे ही सोयही अपुरी पडते.