रूपक, इस्तिआरा आणि मेटॅफर

इंग्रजीच्या मार्गदर्शक पुस्तिकांच्या अखेरीस अलंकारांची एक जोडयादी असते. सिमिली म्हणजे उपमा, मेटॅफर म्हणजे रूपक, हायपरबोल म्हणजे अतिशयोक्ती, आयरनी म्हणजे वक्रोक्ती. ही यादी आम्हीही अनेक वर्षे फळ्यावर लिहिली. तिच्याविषयी पहिली शंका आम्हांस एका विद्यार्थ्यामुळे आली. 'सिंह आखाड्यात उतरला' या पहिलवानाविषयीच्या वाक्यात त्याने मराठीच्या उत्तरपत्रिकेत रूपक ओळखले आणि त्याचा गुण गेला. इंग्रजीच्या तासाला हाच मेटॅफर आम्ही शिकविला होता, अशी त्याची तक्रार. गुण कापणारे शिक्षक चुकले नव्हते. मेटॅफर म्हणण्यात आम्हीही चुकलो नव्हतो. त्यापुढे बरोबरीचे चिन्ह काढण्यात मात्र चुकलो होतो.

'हा पहिलवान सिंह आहे' येथे उपमेय व उपमान दोन्ही शब्दांत आहेत आणि त्यांचा अभेद कल्पिला आहे. अकराव्या शतकातील मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'त रूपक ते हेच. उपमानाने उपमेयास गिळले, पहिलवान वाक्यातून नाहीसा झाला, की ती अतिशयोक्ती. इंग्रजी मेटॅफर ही दोन्ही वाक्ये सामावून घेतो. ॲरिस्टॉटल तर जातीचे नाव पोटजातीस दिले तरी त्यास मेटॅफरच म्हणतो.

सिकंदराबादेतील मराठी शिक्षकास येथे तिसरा साक्षीदार सहज मिळतो, तो उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम १९४८ पर्यंत उर्दू होते. येथील जुन्या मराठी पदवीधरांच्या तोंडी तशबीह व इस्तिआरा हे शब्द सहज असत. आता गंमत अशी, की 'हा पहिलवान सिंह आहे' हे वाक्य ती परंपरा तशबीहेत, म्हणजे उपमेच्या घरात ठेवते. तिचा इस्तिआरा सुरू होतो तो पहिलवान लुप्त झाल्यावर. म्हणजे संस्कृतची अतिशयोक्ती आणि उर्दूचा इस्तिआरा येथे शेजारी येतात, आणि मेटॅफर व रूपक ही यादीतील सख्खी भावंडे दूरची ठरतात!

आयरनीची जोडी तर उघडच फसवी आहे. मम्मटाच्या वक्रोक्तीत ऐकणारा बोलणाऱ्याचे शब्द श्लेषाने वा काकूने वळवितो. कुंतकाच्या मते वक्रोक्ती हा काव्याचा प्राणच. बोलायचे एक आणि सुचवायचे उलट, यास आपल्याकडे विपरीत लक्षणा हे नाव अधिक जवळचे आहे.

शाळकरी मुलांवर एवढा भार कशास, असे आमचे काही सहकारी विचारतात. पण भार यादीचाच आहे. ती पाठ करावी लागते. आम्ही अलीकडे ती देणे सोडले आहे. फळ्यावर वरील दोन वाक्ये लिहितो आणि एवढेच विचारतो, 'दुसऱ्या वाक्यातला पहिलवान गेला कोठे?' मुले शोधू लागतात. नावे आम्ही त्यानंतर सांगतो. ज्या भाषेचा तास असेल, त्या भाषेतील.